हॉटेलातल्या गावात महारवाडा का नाही?



गेल्या वर्षावासात शहापूरला प्रवचनाचा कार्यक्रम आटोपून आम्ही सातजण एका गाडीत कोंबून परत निघालो होतो. पोटात कावळे ओरडत होते. मुंबई-नाशिक महामार्गावर अलीकडे जी 'गावाकडची आठवण' छापाची हॉटेले उभी राहिली आहेत, त्यातल्या एकात शिरलो. नाव सांगत नाही, कारण हा लेख एका हॉटेलाविरुद्ध नाही. कल्याण-मुरबाड रस्त्याने माळशेजकडे गेलात तरी अशीच दिसतील. शेणाने सारवल्यासारखा रंग दिलेली सिमेंटची भिंत, छताला कंदील आणि त्याच्या आत एलईडी दिवा, दारात बैलगाडीचे चाक, कोपऱ्यात जाते आणि पाटा-वरवंटा, वाढप्यांच्या डोक्याला फेटे, तांब्यातून पाणी. भाकरी 'चुलीवरची', मटण 'गावरान', ठेचा 'आजीच्या हातचा'. थाळी साडेतीनशे रुपयांची. जेवण वाईट नव्हते, खोटे कशाला बोला.

जेवण येईपर्यंत आमचा एक कार्यकर्ता, वय एकवीस, यंदाच पदवीला, अंगणातले मातीचे बाहुले मोजून आला. पाटीवर लिहिले होते 'बारा बलुतेदार'. त्याने मोजले ते असे : सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, सोनार, तेली, कोळी. झाले दहा. उरलेले दोन कोण? पाटील आणि पाटलीण! वतनदार पाटलाला बलुतेदारांत बसवून बारा भरवले होते. महार नाही, मांग नाही, चांभार नाही, मुलाणाही नाही. देऊळ होते, पार होता, वाडा होता, विहीर होती. महारवाडा नव्हता.

पोराने मॅनेजरला सरळ विचारले, "दादा, या गावात आमचं घर कुठंय?"

मॅनेजर भला माणूस होता. चिडला नाही. म्हणाला, "सर, फॅमिली गिऱ्हाईक येतं. लहान मुलं विचारतात, हा कोण, तो कोण. त्यांना काय सांगायचं मग?"

आमच्या मते या हॉटेलांविषयी याहून प्रामाणिक वाक्य कोणी बोललेले नाही. मुलांना काय सांगायचे, हाच तर प्रश्न आहे. सांगता येत नाही म्हणून बाहुला काढून टाकायचा, आणि उरलेल्याला 'आपली संस्कृती' म्हणायचे. घरी आल्यावर आम्ही त्या प्रश्नाच्या मागे लागलो. हा लेख त्यातूनच निघाला.

आधी बलुत्याचा हिशेब करू. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गांवगाडा' हे पुस्तक १९१५ साली प्रसिद्ध झाले. आत्रे काही आपल्या चळवळीतले नव्हते. पण बलुतेदारांच्या ज्या तीन ओळी सांगितल्या जातात, त्यांत पहिल्या ओळीत सुतार आणि लोहार यांच्या बरोबरीने महार आणि मांग येतात. भट, मुलाणा, गुरव हे तिसऱ्या ओळीत. याद्या प्रांतागणिक बदलतात, हे खरे. कुठे सोनार आत, कुठे बाहेर. पण ज्या यादीत महार नाही अशी जुनी यादी आमच्या पाहण्यात नाही. गावाची सीमा दाखवायची महाराने, सांगावा पोचवायचा महाराने, मेलेले गुरू ओढायचे महाराने, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे धावायचे महाराने. गावगाडा ज्याच्या खांद्यावर होता त्यालाच बाहुल्यांतून वगळले. ही विसरभोळेपणाची चूक नाही. कुंभार ठेवला तर मडके दाखवता येते, लोहार ठेवला तर भाता दाखवता येतो. महार ठेवला तर काय दाखवणार? भाकरीची टोपली?

आणि इथेच त्या 'चुलीवरच्या भाकरी'ची दुसरी बाजू सुरू होते.

मुरबाड तालुक्यातल्या एका वस्तीत आमची एक मावशी आहे, ऐंशीच्या पुढची. त्या रविवारनंतर मुद्दाम तिच्याकडे गेलो आणि हॉटेलाचे फोटो दाखवले. चुलीचा फोटो बघून ती हसली. म्हणाली, "चुलीची कसली हौस रं बाबा? धुरानं आईसचे डोळे गेले." मग भाकरीबद्दल बोलली. तिची आई सणावाराला आणि खळ्याच्या दिवसांत गावात भाकरी मागायला जायची. तो 'हक्क' होता, असे गाव म्हणायचे. टोपली उंबऱ्याला लागता कामा नये. भाकरी वरून पडायची. कधी ताजी, बहुतेक वेळा रात्रीची. ही पोर आईच्या मागे उभी असायची. "गरम भाकरी कशी लागती ते मला लई मोठी झाल्यावर कळलं," हे तिचे शब्द आम्ही वहीत जसेच्या तसे लिहून घेतले आहेत.

तेव्हा भाकरीची आठवण सगळ्यांची एक नाही. एकाच्या आठवणीत ती तव्यावरून ताटात येते, दुसऱ्याच्या आठवणीत वरून टोपलीत पडते. हॉटेल पहिली विकते, आणि ती सगळ्यांची म्हणून विकते.

बाबासाहेबांना या भाकरीचे मोल पक्के ठाऊक होते. १९ मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना जे सांगितले त्यात पाण्याइतकाच अन्नाचा विषय होता : मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरणे सोडा. चवदार तळे सगळ्यांना आठवते, ही बाजू आपण कमी सांगतो. त्या परिषदेसाठी महाडात पिण्याचे पाणी ४० रुपयांना विकत घ्यावे लागले होते. आणि २० मार्चला तळ्यावरून परतल्यावर देवळात शिरण्याची अफवा उठवून जो हल्ला झाला, तो मंडपात जेवणाऱ्यांवर झाला. हल्लेखोरांनी शिजलेले अन्न मातीत मिसळले, भांडी फोडली. म्हणजे सवर्णांचा राग फक्त पाण्यावर नव्हता. महार एका पंगतीला बसून, स्वतःचे अन्न, स्वतःच्या पैशाचे, ताठ मानेने खातो आहे, हेच त्यांना बघवत नव्हते.

पुढच्याच वर्षी, मार्च १९२८ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. १८७४ च्या वतन कायद्याखाली महाराला जी चोवीस तासांची वेठ होती आणि बदल्यात जे बलुते होते, त्या बेडीवर तो पहिला कायदेशीर घाव. बेडी तुटायला मात्र १९५८ चा कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायदा यावा लागला. तीस वर्षे! समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्हाला याच व्यवस्थेचे नाव 'जजमानी' असे शिकवले. वायझर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याचे १९३६ चे पुस्तक, आणि परीक्षेत लिहायचे उत्तर : 'परस्परावलंबन'. आम्हीही ते लिहिले आणि मार्क मिळवले. एकाने वरून भाकरी टाकायची आणि दुसऱ्याने खालून झेलायची, याला परस्परावलंबन म्हणायचे असेल तर मग बोलणेच खुंटले. हॉटेलातले बाहुले आणि आमचे ते उत्तर यांत फार फरक नव्हता, हे आता कळते.

आता प्रवासात जेवण्याविषयी. शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके वाटसरूंचे. मुरबाडच्या वैशाखऱ्याकडून वर चढणारा नाणेघाट हा सातवाहनकाळचा व्यापारी मार्ग. वर लेण्यात यज्ञांच्या दक्षिणांची लांबलचक यादी कोरलेली आहे, ती सगळे गाइड वाचून दाखवतात. पण घाटात वाटसरूंसाठी खोदलेली पाण्याची टाकीही आहेत, आणि सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या माणसाने एक पोढी दान दिल्याचा छोटा लेख आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. जाणाऱ्या-येणाऱ्याने पाणी प्यावे म्हणून दिलेले. पलीकडे जुन्नरला बौद्ध लेण्यांचा मोठा समूह, तिथेही अशी दाने आहेत, इकडे कान्हेरीलाही आहेत. यज्ञाची दक्षिणा कोणाला आणि पोढीचे पाणी कोणाला, एवढा फरक त्या घाटात उभे राहून पोरांना दाखवा.

त्यानंतर हजारभराहून जास्त वर्षांनी याच महाराष्ट्रात प्रवासी पोरांना पाणी कसे मिळाले ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १९०१ साल. वडील रामजी गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर. मुले सुटीत त्यांना भेटायला निघाली, मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर नवे कपडे. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि उत्तर ऐकताच आपल्या खोलीत निघून गेला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे घेऊन कबूल झाले, तेही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. संध्याकाळी डबा उघडला. जेवण भरपूर होते. पाणी नव्हते. टोलनाक्यावरच्या माणसाला मुसलमान आहोत असे सांगून बघा, असा सल्ला गाडीवानाने दिला. तसे सांगूनही पाणी मिळाले नाही. डबा भरलेला आणि पोरे उपाशी झोपली. आज आपण पडघ्याच्या टोलनाक्यावर फास्टॅग लावून सुसाट निघतो. अधूनमधून तो दुसरा टोलनाका आठवायला हरकत नाही.

शहापूरच्या बाजूला रेल्वे लवकर आली. १८६१ मध्ये गाडी कसाऱ्यापर्यंत पोचली, थळघाट ओलांडून इगतपुरीला १८६५ मध्ये. रेल्वेने सगळ्यांना एका डब्यात बसवले, असे म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण फलाटावर उतरले की 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे. मग अस्पृश्याचे पाणी कुठले? त्याची पाटीच नव्हती. शहरांत चहाची दुकाने आणि खाणावळी वाढल्या, त्यांच्या पाट्यांवर जातच लिहिलेली. 'हिंदू हॉटेल', 'ब्राह्मणाची खाणावळ'. त्यातले काही शब्द आजही पाट्यांवर दिमाखाने झळकतात, आणि आपण त्याला चवीची हमी समजतो. मद्रासला पेरियारांनी १९५७ साली एका हॉटेलाच्या पाटीवरचा 'ब्राह्मण' हा शब्द काढावा म्हणून आंदोलन केले होते. महाराष्ट्रात त्या तोडीचे आंदोलन झालेले आम्हाला आठवत नाही.

पण महाराष्ट्राने गंगाराम कांबळे दिला. ही गोष्ट आपल्या प्रत्येक पोराला माहीत असायला हवी. गंगाराम कांबळे कोल्हापूर संस्थानात नोकरीला होते. तिथे मराठ्यांच्या पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना बेदम मार बसला. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला म्हणाले, नोकरी सोड आणि स्वतःचा धंदा कर. कोल्हापुरात भर वस्तीत, भाऊसिंगजी रोडवर, 'सत्यसुधारक हॉटेल' उघडले गेले. हॉटेल स्वच्छ, चहा उत्तम, पण महाराच्या हातचा चहा पिणार कोण? तर खुद्द महाराज. फेरफटका मारताना गाडी थांबवायचे, तिथला चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजायचे. नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती.

इथे 'जुन्या काळचे हॉटेल' खरोखर सापडते. कोणाला रेट्रोची एवढीच हौस असेल तर 'सत्यसुधारक' पुन्हा उघडा ना! गल्ल्यावर गंगाराम कांबळ्यांचा फोटो लावा, दारात शाहू महाराजांची गाडी उभी करा. अशी एक तरी शाखा शहापुरात निघाली तर आम्ही वर्गणी काढून जेवायला जाऊ.

एका राजाच्या मर्जीने एक हॉटेल चालले. सगळ्यांसाठी कायदा लागतो. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव आला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. बोल्यांचा ठराव कागदावर राहिला म्हणून तर महाड घडले. मग १९४६ चा मुंबई हरिजन सामाजिक असमर्थता निवारण कायदा. आणि २९ नोव्हेंबर १९४८. त्या एकाच दिवशी संविधान सभेत दोन कलमांवर चर्चा झाली : एक अस्पृश्यता नष्ट करणारे, आजचे कलम १७, आणि दुसरे भेदभाव रोखणारे, आजचे कलम १५. कलम १५ चा दुसरा भाग पुन्हा एकदा उघडून वाचा. त्यात दुकाने आहेत, सार्वजनिक उपाहारगृहे आहेत, हॉटेले आहेत, करमणुकीची ठिकाणे आहेत. जगात कुठल्या देशाच्या संविधानात मूलभूत हक्कांच्या प्रकरणात हॉटेलाचा असा नाव घेऊन उल्लेख सहज सापडत नाही. चर्चेत 'दुकान' या शब्दात काय काय येते असा प्रश्न निघाला. धोबी येतो का, न्हावी येतो का? बाबासाहेबांनी शब्दाचा अर्थ मुद्दाम रुंद ठेवला : जो कोणी मोबदला घेऊन सेवा द्यायला बसला आहे, तो सगळा त्यात.

या कलमाची खोच अशी की ते फक्त सरकारला सांगत नाही. हॉटेलमालकाला सांगते. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने त्याला दात दिले. कलम ४ मध्ये हॉटेलातला प्रवेश तर आहेच, शिवाय तिथे सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरण्याचा हक्क वेगळा लिहिला आहे. भांड्यांचा वेगळा उल्लेख का करावा लागला? कारण हॉटेलवाल्यांनी प्रवेश द्यायला सुरुवात केली होती, कप वेगळा ठेवून. १९७६ मध्ये या कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले आणि किमान एक महिन्याची शिक्षा आली.

मावशीकडून तो कपही ऐकला. लग्न होऊन आल्यानंतरची गोष्ट, म्हणजे कायदा येऊन काही वर्षे लोटलेली. बाजाराच्या दिवशी टपरीवर चहा. "छपराच्या वाशाला कप खोचलेला असायचा. आपला आपणच काढायचा, आपणच इसळायचा, न् परत खोचायचा. च्या वरनं वतायचा." कधी बंद झाले, विचारले. "बंद कुठं झालं? प्लास्टिकचं कप आलं." हसत म्हणाली, पण आम्ही कोणी हसलो नाही.

आता थोडे अमेरिकेकडे जाऊ, कारण जुन्या काळाची हॉटेले विकण्याचा धंदा त्या देशात फार पद्धतशीर झाला. तिकडे 'डायनर' नावाचे हॉटेल असते. मूळ कामगारांचे. १८७२ साली प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने रात्रपाळीच्या लोकांसाठी घोडागाडीतून खाणे विकायला सुरुवात केली, तिथून हा प्रकार धरतात. पुढे कारखान्यात तयार होणारे, रेल्वेच्या डब्यासारखे दिसणारे, चकचकीत स्टीलचे डायनर आले. लांब काउंटर, त्याच्यापुढे गोल फिरणारी स्टुले. १९७३ मध्ये 'अमेरिकन ग्राफिटी' हा सिनेमा आला, पुढच्या वर्षी 'हॅपी डेज' ही टीव्ही मालिका, आणि १९५० च्या दशकाची लाटच आली. १९८६ मध्ये लॉस एंजेलिसला 'जॉनी रॉकेट्स' निघाले, मुद्दाम जुन्या डायनरसारखे सजवलेले. टेबलावर गाणी वाजवायचे छोटे यंत्र, वाढप्यांना कागदी टोप्या, मिल्कशेक. गिऱ्हाईक येते ते 'किती छान दिवस होते' म्हणायला.

कोणाचे छान दिवस? त्या दशकात दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसाला त्या स्टुलावर बसता येत नव्हते. व्हिक्टर ग्रीन नावाच्या न्यूयॉर्कच्या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून एक पुस्तिका छापायला घेतली, 'ग्रीन बुक'. रस्त्याने निघालेल्या काळ्या कुटुंबाला कुठे जेवण मिळेल, कुठे झोपायला मिळेल, याची यादी. मसूरच्या गाडीवानाचा सल्लाच, फक्त छापील. १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो गावी चार काळे विद्यार्थी, एझेल ब्लेअर, फ्रँकलिन मॅकेन, जोसेफ मॅकनील आणि डेव्हिड रिचमंड, वूलवर्थच्या दुकानात गेले. आधी टूथपेस्ट वगैरे किरकोळ वस्तू विकत घेतल्या आणि मग जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले. दुकान त्यांचे पैसे घेत होते, मग त्याच दुकानात कॉफी का नाही? कॉफी मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी जास्त आले. २५ जुलैला तो काउंटर सर्वांना खुला झाला. १९६३ च्या मे महिन्यात मिसिसिपीतल्या जॅक्सनला अशाच एका काउंटरवर बसलेल्यांच्या डोक्यावर गोऱ्या पोरांनी केचप, मोहरीची चटणी आणि साखर ओतली. तो फोटो प्रसिद्ध आहे. बघताना आम्हाला महाडच्या मंडपातली माती आठवली. अन्न फेकून मारायची कल्पना दोन्हीकडच्या वर्चस्ववाद्यांना न शिकवता सुचते.

अमेरिकेत हॉटेलात जेवण्याचा हक्क कायद्याने मिळाला २ जुलै १९६४ ला. त्यालाही आव्हान दिले गेले. अलाबामातल्या 'ऑलीज बार्बेक्यू'चा खटला सुप्रीम कोर्टात गेला. तिथे काळ्यांना फक्त बांधून नेता येत होते, आत बसून जेवता येत नव्हते. डिसेंबर १९६४ मध्ये कोर्टाने कायदा उचलून धरला, पण कशाच्या आधारावर? तर या हॉटेलातले मांस परराज्यातून येते, म्हणून आंतरराज्य व्यापाराच्या अधिकारात! माणसाचा हक्क मांसाच्या पावतीवरून सिद्ध करावा लागला. आपल्याकडे तो १४ वर्षे आधीच संविधानात माणूस म्हणून लिहिला गेला होता. कोलंबियात शिकलेल्या, १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या प्रश्नांतले साम्य सांगणाऱ्या माणसाचे हे काम.

काळ जुळवून पाहिला की एक गोष्ट खटकते. १९६४ ला हक्क मिळाला आणि दहा वर्षांत 'आधीचे दिवस किती छान' सुरू झाले. आपल्याकडे १९७६ ला कायदा कडक झाला. अहमदाबादचे गावाच्या थाटाचे 'विशाला' हॉटेल १९७८ चे, जयपूरचे 'चोखी ढाणी' १९८९ चे, आणि मंडलनंतर महाराष्ट्रात वाडे आणि चुली. आम्ही यात थेट कार्यकारण जोडत नाही. शहरात गेलेल्या मध्यमवर्गाला गाव आठवते, हातात पैसा येतो, गाड्या येतात, ही कारणे आहेतच. पण जो काळ कायद्याने गुन्हा ठरवला तोच काळ सजावट म्हणून परत येतो, आणि येताना गुन्हा घरी ठेवून येतो, एवढे नोंदवून ठेवतो. ग्रीन्सबरोत काय केले बघा. वूलवर्थचे ते दुकान बंद पडल्यावर इमारत पाडू दिली नाही. १ फेब्रुवारी २०१० ला तिथे नागरी हक्कांचे संग्रहालय उघडले. काउंटरचा एक भाग वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. स्टुले तीच आहेत. मुलांना काय सांगायचे, हा प्रश्न तिथल्या गाइडला पडत नाही.

आमचा लेख वाचून काही मित्र म्हणतील, जेवायला गेला होतात ना, मग जेवा की. प्रत्येक ठिकाणी जात कशाला काढता? आम्ही काढली नाही. पाटीवर 'बारा बलुतेदार' त्यांनी लिहिले. आमच्यातलीच पोरे बैलगाडीच्या चाकाजवळ सेल्फी काढत होती, त्यांच्यावरही आमचा राग नाही. चांगल्या हॉटेलात, चांगले कपडे घालून, बिल देऊन जेवणे हा कलम १५ चाच वापर आहे. पण झुणका-भाकरीला इतिहासात एक वेगळे पानही आहे. 'निर्भीड'कार अनंत हरी गद्रे यांनी १९४० च्या दशकात झुणका-भाकरीचे सत्यनारायण घातले, पूजेला अस्पृश्य जोडपे बसवायचे आणि सगळ्या जातींनी एकत्र प्रसाद खायचा. आम्हाला सत्यनारायण मान्य नाही. बाबासाहेबांनी तर १९३६ मध्येच सांगून टाकले होते की नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही, जातीला पवित्र ठरवणाऱ्या शास्त्रांवर घाव घालावा लागतो. तरी गद्र्यांच्या भाकरीमागे एक प्रश्न होता. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर केंद्रे काढली, तिच्यामागे निदान भूक होती. साडेतीनशेच्या थाळीतल्या भाकरीमागे फक्त फोटो आहे.

आणि ती भाकरी थापत कोण होते? काचेच्या पलीकडे चुलीपाशी बसलेली बाई जवळच्या पाड्यावरची ठाकूर होती. नऊवारी मालकाने दिलेली, तिच्या समाजाची नेसण्याची रीत वेगळी. घरी तिच्याकडे गॅस आहे, इथे ती दिवसभर धुरात. ती घरी काय खाते? भात, नागलीची भाकरी, सुकट, पावसाळ्यात शेवळे, कुर्डू, टाकळा. यातले एकही नाव मेनूवर नाही. मेनूवर तांबडा-पांढरा रस्सा आहे, कोल्हापूरचा. म्हणजे या 'गावाकडच्या' हॉटेलात ज्या गावात ते उभे आहे त्याचीच चव नाही. महार-मांगांच्या घरातले चान्यांचे कालवण तर सोडाच. त्यासाठी शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' वाचा. ते मराठवाड्याचे आहे. ठाणे जिल्ह्याचे अजून कोणी लिहिलेले नाही, लिहायला हवे.

अंगणातल्या विहिरीत डोकावलो तर आत फरशी होती, त्यावर गिऱ्हाइकांनी टाकलेली नाणी. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पाजते आहे. भातसाही याच तालुक्यात. आणि शहापूरच्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर. खोट्या विहिरीपासून खऱ्या टँकरपर्यंतचे अंतर गाडीने फार नाही. बाहुल्यांतला न्हावी आरसा घेऊन बसला होता. याच मुरबाड तालुक्यात सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला भाई कोटवाल आणि हिराजी पाटील यांनी इंग्रजांच्या गोळ्या झेलल्या. भाई कोटवाल माथेरानच्या न्हावी कुटुंबातले, वकील झालेले, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढणारे. बलुतेदाराचा बाहुलाच हवा असेल तर त्यांचा का नको? हातात आरसा नाही, कायद्याचे पुस्तक द्या.

निघताना मॅनेजरने अभिप्रायाची वही पुढे केली. आमच्या एकवीस वर्षांच्या कार्यकर्त्याने लिहिले : "जेवण चांगले. बलुतेदार दहाच आहेत. चार कमी, दोन जास्त." खाली नाव, गाव, फोन नंबर. तीन आठवड्यांनी फोन आला, मालकाचा. म्हणाले, मुले, तुमचे म्हणणे बरोबर आहे, मूर्तिकाराशी बोलतो, पण महाराचा बाहुला कसा दाखवायचा ते तुम्हीच सांगा. आता आमच्यातच वाद पेटला आहे. काहीजण म्हणतात, बाहुला नकोच, 'बारा बलुतेदार' ही पाटीच काढायला लावा. काहीजण म्हणतात, काठी-घोंगडी आणि टोपलीसकट ठेवा, खाली १९५८ चा कायदा लिहा. मावशीला विचारले तर ती म्हणाली, "बाहुला नको. कप टांगा."

तुमचे मत कळवा. आणि शहापूर-मुरबाडच्या मित्रांना एक काम : येत्या रविवारी आपल्या वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा की बाजाराच्या गावात चहा कुठे प्यायचे, कप कुठे असायचा, तो कोण विसळायचे, आणि पहिल्यांदा हॉटेलवाल्याने तुमचा कप स्वतः उचलला ते साल कोणते. आम्ही वही घातली आहे. सध्या तिच्यात अकरा नावे आहेत.

जयभीम!